पहिला तांब्या

"मग आता तरी दोरी सोडायला काय हरकत हाय, अज्जा?"

मठातला तरुण शिष्य ईरण्णा सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता. अज्जा घाटाच्या वरच्या पायरीवर बसून तांब्या घासत होते. हातातला राखेचा बोळा तांब्याच्या काठावरून सावकाश फिरत होता.

"पाणी बघा की. तळाचे दगड मोजावेत इतकं निवळलंय."

"बघतोय."

"मग?"

"बघतोय म्हनलं न्हवं..."

अज्जांचं खरं नाव गुरुपादय्या, पण ते आता मठाच्या कागदापुरतं उरलं होतं. ऐंशीच्या घरातल्या या स्वामींना लेकराबाळांपासून सरपंचापर्यंत सगळे अज्जाच म्हणत. तळ्याच्या बांधावर दोन खोल्यांचा मठ, आणि मठाला काम एकच, तळं राखायचं. गाव सीमेवरचं. निम्म्या घरांत मराठी, निम्म्या घरांत कानडी. पाणी मात्र सगळ्यांच्या रांजणात याच तळ्याचं. नळाची योजना अजून यायची होती. म्हणून घाटावर कुणी चप्पल घालून उतरत नसे, कुणी कपडा बुडवत नसे, आणि जनावरांना काटेरी कुंपणाच्या आत मज्जाव होता.

पाण्याची शंका आली की अज्जा घाटावर आडवी दोरी बांधत आणि तिला कडुलिंबाचे डहाळे अडकवत. दोरी बांधली की पाणी बंद. मग सरपंचाच्या घरची घागर असो, नाहीतर खुद्द मठाची.

दोरी सोडायचाही रिवाज होता. राखणदाराने सगळ्या गावासमोर पहिला तांब्या प्यायचा, सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचं, आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत हलायचं नाही. तो आपल्या पायांनी वर चढून आला, तरच घागरी खाली उतरायच्या. त्रेचाळीस वर्षं हा तांब्या अज्जाच पीत आले होते.

या खेपेला दोरी बांधून सोळा दिवस झाले होते. पाण्यावर दाट हिरवी साय धरली होती, आणि वास असा सुटला होता की काठावर उभं राहवेना. बायका दीड मैलावरच्या मळ्यातल्या विहिरीवर जात होत्या. त्यांत ईरण्णाची थोरली बहीण कल्लव्वाही होती. तिची कंबर आधीच धरलेली. डोक्यावर घागर घेऊन ती वाकडी वाकडी चालायची, आणि ते बघून ईरण्णाच्या जिवाची घालमेल व्हायची.

"काय करायचं, अज्जा?" त्याने तेव्हा विचारलं होतं.

"थांबायचं."

"आन् दुसरं?"

"दुसरं काय न्हाई."

थांबणं ईरण्णाच्या स्वभावात नव्हतं. मठात येण्याआधी तो चार वर्षं द्राक्षबागांत राबला होता आणि फवारणीच्या औषधांची नावं त्याला तोंडपाठ होती. पोरगा हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, एवढीच काय ती खोट.

सहा दिवसांपूर्वी, भर दुपारी अज्जा आडवे झाले असताना, त्याने भोपळ्यांचा तराफा पाण्यात लोटला होता. मागे गोणपाटाची पिशवी बांधली होती, आणि पिशवीत मोरचूद, बागेत चुन्याबरोबर फवारतात ते निळं औषध. पिशवी पाण्यातून ओढत त्याने तळ्याला तीन फेरे घातले. हिरवी साय मारायला यापरतं औषध नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आणि ती मेलीही. चौथ्या दिवशी पाणी असं निवळलं की गाव बांधावर येऊन हात जोडून उभं राहिलं. अज्जांची पुण्याई, म्हणाले सगळे. ईरण्णा गालातल्या गालात हसला. दोरी सुटू दे, घागरी भरू देत, मग सांगू कुणाची पुण्याई ती, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

म्हणून ही घाई.

अज्जांनी तांब्या विसळला नाही. राखेचाच हात पुसून त्यांनी वर पाहिलं. बांधावर सगळं गाव जमलं होतं. पुढे बायका, बायकांच्या पुढ्यात रिकाम्या घागरी, आणि अगदी पुढे कल्लव्वा.

"सोड," अज्जा म्हणाले.

ईरण्णाने एका झटक्यात गाठ सोडली. डहाळे पायरीवर पडले. बांधावर आनंदाची कुजबुज झाली.

अज्जा काठी टेकत खाली उतरले. ईरण्णा मागोमाग. सगळ्यात खालच्या पायरीवर पोचल्यावर अज्जांनी काखेतून काहीतरी काढलं आणि दगडावर अंथरलं.

गोणपाट होतं ते. वाळून कडक झालेलं, आणि मधोमध निळंशार.

ईरण्णाने ते लगेच ओळखलं. ते त्याने तराफ्याखाली दडवलं होतं.

"बस," अज्जा म्हणाले.

"अज्जा, ते..."

"दगड गार हाय. बस."

तो बसला. उजव्या हाताची निळी नखं त्याने मुठीत लपवली. सहा दिवस तो ती लपवत होता.

"आज तू पी," अज्जा म्हणाले आणि तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवला. "शिष्य हैस. कवातरी प्यायाच पायजे."

वरून कुणीतरी 'वा!' म्हणालं. मानच होता तो. ईरण्णाने तांब्या उचलला. इतक्या मोठ्या तळ्याला मूठभर मोरचूद, त्याने काय होतंय, असं तो स्वतःला समजावत होता. त्याने तांब्या बुडवला, भरला. पाणी खरोखरच सुरेख होतं. तांब्याच्या तळाला राखेचा एक कण पडलेला स्पष्ट दिसत होता.

"ईरण्णा," अज्जा म्हणाले, "निवळ्या दिसतात का रे?"

निवळ्या म्हणजे पाण्यावर गरागरा फिरणारे ते काळे बारके किडे. पायरीपाशी त्यांचा रोज घोळका असे. ईरण्णाने पाहिलं. पायरीपाशी एकही नव्हती. पलीकडेही नव्हती. पाण्यावर कुठे साधी रेघ उमटत नव्हती.

"न्हाईत."

"आन् बेडूक?"

"त्येबी न्हाईत."

"ते हिरवं हुतं, ते कुठं गेलं?"

"मेलं, अज्जा."

"मेलं, ते कळलं. गेलं कुठं?"

चार वर्षांत त्याने हजार वेळा फवारलं होतं. मारलं म्हणजे संपलं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मेलेलं कुठे जातं, हे बागेत त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्याने तांब्यात पाहिलं.

पल्याडच्या काठावर कावळे कालवा करत होते. सकाळपासूनच करत होते, पण आत्तापर्यंत त्याला तिकडे बघायला सवड नव्हती. अज्जांनी काठी उचलून तिकडे रोखली.

"काल तिसऱ्या पारी बिराप्पा धनगराची मेंढरं कुंपण मोडून आत शिरली. पाण्याला लागली."

"मग?"

"पाच मेली. बिराप्पा पहाटे सांगून गेला. आधी लटपटली म्हनतो, मग खाली बसली, मग उठलीच न्हाईत."

ईरण्णाने तांब्या डाव्या हातात घेतला. उजव्या हाताची निळी नखं बांधावरून कुणाला दिसतील का, याचीही त्याला भीती वाटली.

"हिरवं हुतं तवाबी शिरली हुती ती," अज्जा म्हणाले. "दोनदा. बिराप्पा सांगत हुता, मेंढरांनी वास घेतला आन् माघारी फिरली. काल पाणी निवळलेलं दिसलं... आन् प्याली."

खालचं बोलणं वरपर्यंत पोचत नव्हतं. बांधावर सगळे वाट बघत होते, केव्हा ईरण्णा पितो आणि केव्हा दुपार होते. कल्लव्वाने चुंबळ डोक्यावर ठेवूनसुद्धा घेतली होती.

"पी," अज्जा म्हणाले.

त्याने तांब्या ओठांपर्यंत नेला. ओठ मिटलेलेच राहिले. हिरव्या सायीचा तो कुजका वास आता येत नव्हता. कसलाच वास येत नव्हता. यानेच तो जास्त घाबरला.

"अज्जा, माझ्यानं न्हाई होत..."

"बरं," अज्जा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवलही नव्हतं. "आण हिकडं. दर येळेला मीच पितो."

त्यांनी तांब्या घेतला.

ईरण्णाने एक श्वास घेतला, सोडला. पुढे कितीतरी वर्षं त्या एका श्वासाची त्याला लाज वाटत राहिली. कारण त्या श्वासात त्याच्या मनात येऊन गेलं होतं की अज्जा म्हातारे आहेत. काही झालंच तर लोक म्हणतील, वय झालं होतं. निळ्या नखांचं कुणाला कळणार नाही.

अज्जांनी मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि तांब्या वर धरला. धार सुटायला आली.

ईरण्णाने हात मारला.

तांब्या ठणठणत पायऱ्यांवर आपटला आणि पाणी अज्जांच्या छातीवर सांडलं. बांधावरून एकच ओरड झाली. शिष्याने गुरूच्या हातावर हात टाकला होता, आणि तोही साऱ्या गावादेखत. दोघे तिघे पुरुष धावत पायऱ्या उतरू लागले.

"खाली येऊ नगा!" ईरण्णा किंचाळला. "पान्याला हात लावू नगा कुनी! इख हाय त्यात!"

ते जागच्या जागी थबकले.

"मी टाकलंय," तो म्हणाला. मूठ उघडून त्याने हात वर केला. "मोरचूद टाकलं म्या. हिरवं मेलं आन् त्याचं इख पान्यात उतरलं. मेंढरं मेली त्यानं. अज्जांनी काय केलेलं न्हाई. म्या केलंय..."

हात त्याने तसाच वर धरून ठेवला.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी आईवरून शिव्या दिल्या, कुणी पायताण उगारलं. बिराप्पा बांधावर आला होता. तो पल्याडच्या काठाकडे, आपल्या मेलेल्या मेंढरांकडे बघत राहिला, आणि ते शिव्यांपेक्षा जड गेलं. कल्लव्वाने डोक्यावरची चुंबळ काढली, पुन्हा नीट गुंडाळली, पुन्हा ठेवली. मग घागर उचलून ती विहिरीच्या वाटेला लागली. तिने वळून पाहिलं नाही. तिच्या मागून एकेक करत सगळ्या गेल्या.

घाटावर दोघेच उरले.

"तुमी खरंच प्याला असता, अज्जा?"

अज्जा वाकून तांब्या शोधत होते. तो सापडल्यावर त्याला पडलेला पोचा त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिला.

"दोरी बांध," ते म्हणाले.

त्याने बांधली. डहाळे नवे तोडून आणून अडकवले. गाठ तीनदा मारली, आणि तरी ती सुटेल असं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो बाटलीत पाणी घेऊन तालुक्याला गेला. पाणी तपासणारा माणूस तरुण होता, पण बोलायला सरळ. ईरण्णाने सगळं सांगितल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"ते शेवाळ जिवंत असतं तोवर विष पुष्कळसं स्वतःच्या पोटात ठेवतं," तो म्हणाला. "मारलंत की ते सगळं एकदम पाण्यात येतं. उकळलंत तरी जात नाही. कुणी प्यायलंय का?"

"न्हाई."

"नशीब म्हणा."

तालुक्याहून परतताना एसटीत ईरण्णाने खिडकी लावून घेतली. घागरी भरल्या असत्या तर गावात घरोघर चुलीवर चढली असती ती पातेली त्याला डोळ्यांपुढे दिसत होती. उकळलं म्हणजे भ्यायचं कारण नाही, असं त्याच्या आईने जन्मभर सांगितलं होतं.

त्यानंतर रोज पहाटे तो खालच्या पायरीवर जाऊन बसू लागला. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पहिल्या आठवड्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात काठाला मेलेल्या गोगलगाई लागल्या. गावात कुणाच्या पोटात दुखल्याचं कानावर आलं की तो हातातलं काम टाकायचा. तो त्या घरी धावत जाऊन विचारायचा, पाणी कुठलं प्यालात? लोक आधी चिडायचे, मग हसायचे, मग नुसतं सांगायचे, "इहिरीचं रे बाबा, इहिरीचं."

बिराप्पाच्या मेंढरांसाठी त्याने कुंपण नव्याने घातलं. बाभळीच्या काट्यांनी हात रक्ताळले, पण नखांचा निळेपणा काही लवकर गेला नाही.

मग वळवाचे दोन पाऊस झाले, सांडवा वाहिला. एका पहाटे पायरीपाशी एक निवळी दिसली. एकटीच, गरागरा फिरणारी. ईरण्णा तिच्याकडे दिवस वर येईपर्यंत बघत बसला. दहा दिवसांत घोळका झाला. बेडूक बोलू लागले. त्याने पुन्हा बाटली नेली, आठ दिवसांनी आणखी एकदा नेली. दुसऱ्या खेपेला कागद मिळाला, पाणी पिण्यास योग्य.

तो कागद त्याने अज्जांपुढे धरला. अज्जांनी तो उलटसुलट करून पाहिला, आणि पोचा पडलेला तांब्या त्याच्या हातात दिला.

गाव पुन्हा जमलं. या वेळी कुणी 'वा' म्हटलं नाही.

ईरण्णाने दोरी सोडली, खाली उतरला, तांब्या भरला. कागद खिशात होता. निवळ्या पायाशी फिरत होत्या. तरी तांब्या ओठांशी नेण्याआधी त्याने आत दोनदा पाहिलं. डोळे मिटून तो सगळा तांब्या प्याला आणि पायरीवर बसला.

ती सकाळ सरता सरेना. जिभेवर काही कडवट आहे का, बोटं बधिर होताहेत का, हे तो क्षणाक्षणाला बघत होता. एकदा पाय लटपटल्यासारखे वाटले आणि त्याला ती पाच मेंढरं आठवली. अज्जा वरच्या पायरीवर माळ ओढत बसले होते. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही.

सूर्य डोक्यावर आला. ईरण्णा उठला. एक एक पायरी मोजत वर चढला आणि बांधावर येऊन उभा राहिला.

पहिली घागर कल्लव्वाची होती. ती खाली गेली, घागर भरली, आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, तिथेच वाकून ओंजळीने पोटभर पाणी प्याली. पदराने तोंड पुसत वर आली. दीड महिन्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"ग्वाड हाय रं पानी, ईरू."

ईरण्णाला रडू आलं, आणि त्याच वेळी पुन्हा तीच भीती जागी झाली. अक्काच्या गळ्यावरून ओघळलेले पाण्याचे थेंब त्याला दिसत होते. ती चालायला लागली. तिचे पाय लटपटतात का, हे तो ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिला. मग दुसरी बाई प्याली, मग तिसरी. तो प्रत्येकीचे पाय बघत होता.

दिवस कलल्यावर घाट रिकामा झाला. कुणाला काही झालं नव्हतं. ईरण्णा येऊन अज्जांच्या पायाशी बसला.

"अज्जा, कागद आला. निवळ्या आल्या. मी प्यालो, अक्का प्याली, गाव प्यालं. तरी भ्या जाईना."

अज्जांनी माळ गळ्यात घातली.

"तुमाला वाटतं का भ्या? अजून? त्रेचाळीस वर्सांनीबी?"

अज्जा उठले. सोडून ठेवलेली दोरी त्यांनी गोळा केली, हाताला वेढे घालत तिचं वेटोळं केलं आणि ते ईरण्णाच्या मांडीवर ठेवली.

"मंग हे भ्या जातं कवा, अज्जा?"

अज्जा काठी शोधून मठाकडे वळले होते. चार पावलं गेल्यावर ते थांबले.

"गावाची तहान सपली की."